व्यायामाची वेळ आणि रात्रीची निद्रा

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका वैद्यकीय प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



निद्रा या विषयावर रात्री साडेआठ वाजता व्याख्यान देणे हे जोखमीचे काम आहे. श्रोत्यांना डुलकी लागली, तर वक्ता फसला म्हणायचे की विषय पटला म्हणायचे, याचा निर्णय करणे कठीण असते. तेव्हा ज्यांना मध्येच झोप येईल त्यांनी संकोच करू नये. त्यांना आजच्या व्याख्यानाची गरज नाही, असे मी समजेन.

विनोद बाजूला ठेवू. हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये एक नवा वर्ग दिसू लागला आहे. हा वर्ग आळशी नाही, व्यसनी नाही. उलट तो नियमाने व्यायाम करतो. अशा तरुणांचे म्हणणे असे असते : ‘डॉक्टर, दिवसभर काम करतो, रात्री तासभर घाम गाळतो, शरीर थकून जाते, तरी अंथरुणावर पडल्यावर डोळा लागत नाही.’ घरातील वडीलधारी मंडळी त्यांना म्हणतात, ‘आणखी व्यायाम कर, म्हणजे झोप येईल.’ मित्र म्हणतात, ‘व्यायामच बंद कर.’ दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले, आणि दोन्ही अपुरे.

या तरुणाचा दिवस कसा असतो ते पाहा. बदलापूरहून किंवा विरारहून सकाळची लोकल पकडायची, मुंबईत दिवसभर नोकरी करायची, रात्री साडेआठ-नऊला घरी पोहोचायचे. तिथून व्यायामशाळा. तेथे साडेदहापर्यंत वजने उचलायची, अकराला जेवायचे, साडेअकराला अंथरुणावर पडायचे. पहाटे साडेपाचला पुन्हा गजर. पुण्यात हिंजवडीला किंवा चाकणला नोकरी करणाऱ्याचे वेळापत्रक याहून फार निराळे नाही. अशा माणसाला ‘सकाळी व्यायाम कर’ असे सांगणे सोपे आहे; पण त्याची सकाळ आहेच कुठे? म्हणून प्रश्न व्यायाम करावा की न करावा हा नाही. कोणता व्यायाम, किती आणि केव्हा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी निद्रेचे स्वरूप समजून घ्यावे लागेल.

निद्रा म्हणजे निष्क्रियता नव्हे

झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी शरीराची एक रिकामी अवस्था, असा समज दीर्घकाळ होता. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक अंतराने डोळ्यांची बुबुळे वेगाने हलू लागतात आणि त्या काळात मेंदू जागेपणाइतकाच कार्यरत असतो. ठसठशीत स्वप्ने पडतात ती प्रामुख्याने याच काळात. आज आपल्याला माहीत आहे, की सुमारे ९० मिनिटांचे एक आवर्तन याप्रमाणे रात्रीत चार ते पाच आवर्तने होतात. मात्र ही सगळी आवर्तने सारखी नसतात. रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. शरीराच्या वाढीचे आणि झिजेची भरपाई करणारे संप्रेरक याच काळात मोठ्या प्रमाणात स्रवते. पहाटेकडे स्वप्ननिद्रेचा वाटा वाढतो. दिवसभरात शिकलेल्या गोष्टी पक्क्या करणे आणि भावनांचा क्षोभ शांत करणे ही कामे झोपेत चालतात, आणि त्यांत या पहाटेच्या निद्रेचाही मोठा वाटा आहे. म्हणजे रात्रीचा आरंभ कापला तर एका गोष्टीला मुकावे लागते, शेवट कापला तर दुसऱ्या.

झोप येते कशी? झुरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली त्याची एक सुटसुटीत मांडणी केली, आणि ती आजही पाया मानली जाते. झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, जागेपणाचा साचत जाणारा भार. आपण जितका वेळ जागे, तितका मेंदूत अॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि पापण्या जड होतात. चहा-कॉफीतील कॅफीन नेमके याच पदार्थाची वाट अडवते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या जवळ, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो प्रकाशाच्या आधारे दिवस-रात्र ओळखतो आणि सर्व शरीराला वेळ कळवतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ संध्याकाळनंतर दोन तयाऱ्या करते. अंधार पडू लागला की मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. आणि शरीराच्या आतील तापमान हळूहळू उतरू लागते. सायंकाळच्या उच्चांकापासून पहाटेच्या नीचांकापर्यंत ही घसरण सुमारे एक अंश सेल्सिअस असते. आकडा लहान वाटेल, पण झोपेचे दार उघडण्यासाठी ही घसरण फार महत्त्वाची आहे. हातपाय उबदार होतात, आतील उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते आणि डोळे मिटू लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवावा. व्यायामाचा विषय निघाला की तो पुन्हा येणार आहे.

ताणाची संप्रेरके शत्रू आहेत काय?

आता ताणाच्या संप्रेरकांकडे वळू. संकट समोर आले की शरीर दोन फळ्या उभ्या करते. पहिली फळी अॅड्रेनॅलिनची. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते क्षणात स्रवते, हृदयाचे ठोके वाढवते, स्नायूंकडे रक्त वळवते आणि काही मिनिटांत ओसरते. दुसरी फळी कॉर्टिसॉलची. मेंदूतून पीयूष ग्रंथीला आदेश जातो, तिच्याकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश पोहोचतो आणि मग कॉर्टिसॉल रक्तात उतरते. ते सावकाश येते आणि सावकाश जाते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला तास-दीड तास लागतो. ताणाच्या शास्त्राचे प्रवर्तक हान्स सेली यांनी १९३६ साली दाखवले, की कारण कोणतेही असो, थंडी, जखम किंवा अतिश्रम, शरीराचा मूलभूत प्रतिसाद सारखाच असतो. पुढे अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील कार्याबद्दल केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले.

हल्ली वर्तमानपत्रांतून कॉर्टिसॉलचे नाव गुन्हेगारासारखे घेतले जाते. हे अन्यायाचे आहे. कॉर्टिसॉल नसेल तर मनुष्य जगू शकत नाही. आपल्याला सकाळी उठवणारेही तेच आहे. मध्यरात्रीच्या सुमारास त्याची पातळी सर्वांत खाली असते. रात्रीच्या उत्तरार्धात ती चढू लागते, जाग येण्याच्या वेळी बरीच वर गेलेली असते, आणि जागे झाल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेते. मग दिवसभर उतरत जाते. सकाळी भरती आणि रात्री ओहोटी, हा त्याचा धर्म आहे. बिघाड होतो तो कॉर्टिसॉल असल्यामुळे नव्हे; ओहोटीच्या वेळी भरती आल्यामुळे.

रात्रीची भरती कशामुळे येते? चिंतेमुळे, भांडणामुळे, रात्री अकराला आलेल्या कार्यालयीन संदेशामुळे, आणि आधीच्या अपुऱ्या झोपेमुळेही. शिकागो विद्यापीठातील रशेल लेप्रू आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी १९९७ मध्ये निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका रात्री काहींना जेमतेम चार तास झोपू दिले, काहींना मुळीच झोपू दिले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे कॉर्टिसॉल मोजले. कमी झोपलेल्यांत ते ३७ टक्क्यांनी आणि अजिबात न झोपलेल्यांत ४५ टक्क्यांनी अधिक भरले. केवळ एका रात्रीचा हा परिणाम. २००१ मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या अभ्यासात जुनाट निद्रानाश असलेल्या रुग्णांमध्ये सायंकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात कॉर्टिसॉल चढे असल्याचे आढळले. म्हणजे ताणामुळे झोप जाते आणि झोप गेल्यामुळे ताण चढतो. हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले की थकवा आणि झोप यांची फारकत होते. शरीर थकलेले आणि मन सावध, अशा विचित्र अवस्थेत माणूस छताकडे पाहत पडून राहतो.

व्यायाम हाही एक ताणच

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यायाम हा शरीराच्या दृष्टीने ताणच आहे. हितकारक, स्वेच्छेने घेतलेला, मर्यादित, पण ताणच. जोर काढताना किंवा धावताना अॅड्रेनॅलिन वाढते, नाडी वाढते, शरीराचे तापमान चढते. कॉर्टिसॉलचे काय होते, ते मात्र व्यायामाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित व्यायाम करणाऱ्या १२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी अर्धा तास व्यायाम करण्यास सांगितले. स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्के जोर लावला, तेव्हा कॉर्टिसॉल सुमारे ८३ टक्क्यांनी वाढले. ६० टक्के जोर लावला, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. आणि ४० टक्के जोराच्या हलक्या व्यायामाने ते वाढले नाहीच, उलट किंचित उतरले.

या एका प्रयोगात आपल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आहे. रात्री दहाला छाती फुटेस्तोवर धावणारा आणि रात्री दहाला शतपावली करणारा, हे दोघे ‘रात्री व्यायाम करतात’ असे आपण एका वाक्यात म्हणतो. पण त्यांच्या शरीरात घडणाऱ्या गोष्टी परस्परविरुद्ध दिशांना जातात.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. तीव्र व्यायामाने कॉर्टिसॉल वाढते म्हणून तीव्र व्यायाम वाईट, असा निष्कर्ष काढू नये. ती वाढ तात्पुरती असते आणि नियमित व्यायामाने शरीर ताण पेलायला शिकते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९७ मध्ये झोपेच्या तक्रारी असलेल्या प्रौढांना १६ आठवडे मध्यम स्वरूपाचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या झोपेत सुधारणा दिसली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २०१० मध्ये पंचावन्न वर्षांवरील निद्रानाशाच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासातही तेच आढळले. पण याच गटाने २०१३ मध्ये आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. निद्रानाशाच्या रुग्णांत आज व्यायाम केला म्हणून आज रात्री झोप सुधारली, असे दिसले नाही. उलट रात्री झोप कमी झाली, की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम आखूड झाला. लाभ मिळतो तो आठवड्यांच्या, महिन्यांच्या सातत्याने. म्हणून निद्रानाशाच्या रुग्णाने व्यायामाकडे झोपेच्या गोळीसारखे पाहू नये. व्यायाम हे पेरणीसारखे काम आहे. आज पेरले म्हणून उद्या कणीस येत नाही.

किती वाजता?

आता वेळेचा प्रश्न. ‘संध्याकाळनंतर व्यायाम नको’ असा नियम पूर्वी सर्रास सांगितला जाई. २०१९ साली झुरिकच्या संशोधकांनी तोवरच्या २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष असा निघाला, की सायंकाळच्या व्यायामाने निरोगी माणसाची झोप सर्वसाधारणपणे बिघडत नाही. गाढ झोपेचा वाटा किंचित वाढतोसुद्धा. अपवाद एकच. दमछाक करणारा व्यायाम झोपण्यापूर्वी तासाभराच्या आत संपवला, तर झोप लागण्यास उशीर होतो आणि एकूण झोप कमी होते.

त्यानंतर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने फार मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मनगटावर नोंदयंत्र बांधणाऱ्या १४,६८९ व्यक्तींच्या सुमारे ४० लाख रात्रींची नोंद त्यात होती. व्यायाम जितका कठोर आणि जितका उशिरा, तितकी झोप उशिरा लागलेली, कमी झालेली, आणि रात्रभर नाडी चढी राहिलेली दिसली. मात्र व्यायाम संपणे आणि झोपणे यांत चार तास किंवा अधिक अंतर असेल, तर असा अनिष्ट संबंध आढळला नाही.

हे दोन अभ्यास परस्परविरोधी वाटतील. ते तसे नाहीत. पहिल्यात नियंत्रित प्रयोग होते, व्यायामही बहुधा बेताचा होता. दुसऱ्यात माणसे स्वतःच्या मनाप्रमाणे व्यायाम करत होती, आणि त्यांत शरीराची परीक्षा पाहणारे प्रकारही होते. शिवाय दुसरा अभ्यास निरीक्षणाचा आहे. रात्री उशिरा व्यायाम करणाऱ्याची इतर धावपळही अधिक असू शकते, हे विसरून चालणार नाही. पण दोन्हींचा रोख एकच आहे. नुसत्या घड्याळाचा काटा पाहू नका. जोर आणि अंतर, दोन्ही एकत्र पाहा.

कारणेही आता आपल्या ध्यानात येतील. झोपेसाठी शरीराचे तापमान उतरायला हवे, आणि कठोर व्यायामाने ते चढते. नाडी मंद व्हायला हवी, आणि ती वेगात असते. मज्जासंस्थेची विश्रांती देणारी बाजू पुढे यायला हवी, आणि लढाईची बाजू अजून शस्त्रे खाली ठेवायला तयार नसते. कॉर्टिसॉल तर ओसरायलाच तास-दीड तास घेते. घोडा दौडून आला की त्याला लगेच ठाणावर बांधत नाहीत. आधी थोडे फिरवतात, निववतात. शरीराचेही तसेच आहे.

व्यायामाने जैविक घड्याळाचे काटेही थोडे सरकतात. अमेरिकेत सुमारे शंभर व्यक्तींवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सकाळी सात वाजता किंवा दुपारी एक ते चारच्या दरम्यान केलेल्या व्यायामाने घड्याळ पुढे सरकले, म्हणजे रात्री लवकर झोप येण्याकडे कल झाला. संध्याकाळी सात ते दहाच्या व्यायामाने ते मागे सरकले. ज्यांना रात्री लवकर झोप येत नाही, त्यांच्यासाठी सकाळ हितकर ठरते, ती यामुळे. आणि सकाळच्या उघड्यावरील व्यायामाबरोबर सूर्यप्रकाशही मिळतो. घड्याळ लावण्याचे ते सर्वांत समर्थ साधन आहे.

झोप चोरून व्यायाम नको

सकाळच्या व्यायामाची स्तुती ऐकून एक गैरसमज होऊ शकतो, आणि मला त्याची अधिक काळजी वाटते. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी हजारो मुले-मुली आहेत. पहाटे साडेचार-पाचला महामार्गाच्या कडेने ती धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. यांतील कित्येक मुले रात्री बारा-एकपर्यंत अभ्यासिकेत बसलेली असतात, कारण लेखी परीक्षाही आहेच. चार तासांची झोप, मग पहाटेची दौड, दिवसा जमेल ते काम, संध्याकाळी पुन्हा सराव. आई-वडिलांनी कर्ज काढून शहरात ठेवलेले असते. झोपणे हा या मुलांना अपराध वाटतो.

या मुलांना मला कळकळीने सांगायचे आहे. रात्री एकला झोपून साडेचारला उठणारा विद्यार्थी पहाटेची स्वप्ननिद्रा जवळजवळ गमावतो. रात्री पाठ केलेला इतिहास आणि अंकगणित पक्के होण्याची जी वेळ, तीच तो कापतो. शिकागोचा प्रयोग सांगतो, की त्याचे सायंकाळचे कॉर्टिसॉल चढलेले असणार. म्हणजे दुसऱ्या रात्रीची झोपही हलकी होणार. आणि धावण्याचा वेग? स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ मध्ये ११ बास्केटबॉलपटूंची झोप काही आठवडे वाढवली गेली. वेगळा कोणताही खुराक नाही, वेगळे तंत्र नाही. त्यांचा धावण्याचा वेळ कमी झाला आणि चेंडू टाकण्याची अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. स्नायू मैदानावर झिजतात आणि अंथरुणावर बांधले जातात. मैदानावर अर्धा तास कमी गेला तर चालेल. अंथरुणावरचे दोन तास कमी झाले, तर मैदानावरची मेहनत मातीत जाते.

आपल्याकडे पहाटे उठण्याचे माहात्म्य सांगितले आहे, ते योग्यच आहे. पण ज्या समाजात ते सांगितले गेले, तो दिवेलागणीनंतर जेवून लवकर झोपणारा समाज होता. आपण उठण्याची वेळ परंपरेकडून घेतली आणि झोपण्याची वेळ मोबाइलकडून. ही सरमिसळ अंगाशी येते.

अर्धशक्तीचे सूत्र

आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. निद्रेला आहाराच्या पंगतीला बसवणारी ही दृष्टी लक्षणीय आहे. व्यायामाविषयी सुश्रुत आणि वाग्भट यांनी अर्धशक्तीचे सूत्र सांगितले : स्वतःच्या बळाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणे आणि तोंडाला कोरड पडू लागणे ही थांबण्याची खूण. वाग्भटांनी तर थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असा ऋतुभेदही केला.

आपल्या पूर्वजांना कॉर्टिसॉल ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. त्याची गरजही नाही. प्रयोगशाळा नसताना, केवळ माणसाच्या शरीराकडे पिढ्यान्‌पिढ्या बारकाईने पाहून त्यांनी हे सूत्र काढले, यातच त्यांचा मोठेपणा आहे. आणि हे सूत्र तपासून पाहणे, हाच त्यांचा खरा आदर आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना केली ती याच भूमिकेतून. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. अर्धशक्तीचे सूत्र सर्वांना सर्वकाळ लागू होईल असे नाही. स्पर्धेसाठी तयारी करणाऱ्या खेळाडूला कधीतरी पूर्ण शक्ती लावावीच लागते. पण नोकरदार, गृहस्थाश्रमी माणसाने रात्रीच्या वेळी करावयाच्या व्यायामाला याहून चांगला नियम मला सुचत नाही.

मग करावे काय?

आता व्यवहाराचे बोलू. ज्यांना सकाळी किंवा सायंकाळी सहा-सातपर्यंत व्यायाम जमतो, त्यांनी मनसोक्त करावा. ज्यांना रात्रीच वेळ मिळतो, त्यांनी व्यायाम सोडू नये. त्याचे स्वरूप बदलावे. कठोर व्यायाम सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवावा. कामाच्या दिवशी रात्री भरभर न चालता बेताने चालणे, सोपी आसने, संथ सूर्यनमस्कार, दीर्घ श्वसन एवढेच करावे. व्यायाम करताना सलग वाक्य बोलता यावे, धाप लागू नये, ही साधी कसोटी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. तो रोज रात्री एकदम उरकला पाहिजे असे नाही. स्थानकापर्यंत पायी जाणे, जिने चढणे, दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटे चालणे, हेही त्यात मोजले जाते.

पाळीत काम करणाऱ्यांनी घड्याळ न पाहता स्वतःची झोपेची वेळ पाहावी. जो सकाळी आठला झोपतो, त्याच्यासाठी सकाळचे सात म्हणजे ‘रात्री उशिरा’च होय.

माताभगिनींसाठी दोन शब्द. घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी आडवी होणारी व्यक्ती बहुधा घरची स्त्री असते. ‘दिवसभर कामच करते, वेगळा व्यायाम कशाला?’ असे तिला सांगितले जाते. पण घरकामात श्रम असतात, निवांतपणा नसतो; पाठोपाठ कामांची चिंता असते. तिला संध्याकाळी अर्धा तास मोकळे चालायला मिळावे आणि रात्रीची ओटा आवरण्याची कामे वाटून घेतली जावीत, ही जबाबदारी घरातील पुरुषांची आणि मोठ्या मुलांची आहे. तिची झोप हा तिचा खासगी प्रश्न नाही.

चहाविषयी : शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम, म्हणजे बऱ्याच कप कॉफीतले कॅफीन दिल्यावरही झोप तासाभराहून अधिक कमी झाली. आपला एक कप चहा एवढा जबर नसतो. तरी संध्याकाळनंतर चहा, आणि रात्रीच्या व्यायामाआधी घेतली जाणारी उत्तेजक चूर्णे टाळलेली बरी. कोमट पाण्याने स्नान झोपेच्या तास-दोन तास आधी केले, तर त्वचेतील रक्तप्रवाह वाढून आतील उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर येते.

आणि मनाचे काय? २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठात एक साधा प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींना उद्याच्या कामांची यादी लिहायला सांगितली, काहींना झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. चिंता कागदावर उतरली की तिला रात्रभर डोक्यात पहारा करावा लागत नाही. वही-पेन्सिलीला खर्च किती येतो?

शेवटी इशाराही देतो. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ झोपेची तक्रार असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा वाहन चालवताना डुलकी येणे ही लक्षणे व्यायामाची वेळ बदलून जाणारी नाहीत. ती तपासलीच पाहिजेत. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नये. निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची पद्धतशीर उपचारपद्धती आहे, आणि अमेरिकेतील चिकित्सकांच्या संस्थेने २०१६ मध्ये औषधांच्या आधी तिचीच शिफारस केली आहे.

मित्रहो, कमी झोपणे हा पराक्रम समजण्याची रीत आपल्याकडे पडत चालली आहे. ‘मी चारच तास झोपतो’ हे वाक्य लोक छाती पुढे काढून म्हणतात. आपण असे ठरवू या, की यापुढे हे वाक्य कानांवर पडले तर त्याचे कौतुक करायचे नाही. काळजीने विचारपूस करायची. आपल्या घरातील जो तरुण रात्री अकराला घामाने निथळत परततो, त्याला रागावू नका. त्याच्या मनात आरोग्याची ओढ आहे, ती मोलाची आहे. त्याच्याजवळ बसा, त्याच्या दिवसातून एखादा तास कसा मोकळा करता येईल ते पाहा. जेवण आठ-साडेआठला होईल का, सकाळची दोन कामे दुसरे कोणी उचलेल का, हे प्रश्न त्याच्या एकट्याचे नाहीत. ते सगळ्या घराचे आहेत. श्रमाची वेळ श्रमाला आणि विश्रांतीची वेळ विश्रांतीला मिळाली, तर ताणाची संप्रेरकेही आपापल्या वेळी येतील आणि आपापल्या वेळी निघून जातील.

सव्वानऊ वाजत आले आहेत. तुमच्या शरीराचे तापमान आता उतरू लागले असेल, ते मी अधिक चढवू इच्छित नाही. सर्वांना शांत निद्रा लाभो अशी प्रार्थना करतो.